विषय : मामांच्या वतीने निर्णय घेणेबाबत

घरातल्या माणसाचं वय झालं, की त्याच्या निर्णयांचं ओझं बाकीच्यांनी प्रेमाने, एकमताने आणि न कुरकुरता आपल्या खांद्यावर घ्यावं, यातच कुटुंबसंस्थेचा खरा कस लागतो, असं दादांचं ठाम मत होतं. हे मत होऊन त्यांना चार दिवस झाले होते. त्याआधी मामांनी वजनकाटा विकत घ्यायची भाषा केली नव्हती.

वजनकाटा म्हणजे किराणा दुकानातला नव्हे. ज्याच्यावर अख्खा ट्रक चढवून तोलतात, तो. शहराबाहेरच्या रस्त्याला असा एक काटा कित्येक वर्षं बंद पडून होता. जमिनीत बसवलेला लोखंडी पाटा, शेजारी पत्र्याची खोली आणि खोलीवर 'येथे अचूक वजन होईल' अशी पाटी, जी मालकाच्या आयुष्यातली एकमेव थाप नव्हती. मामांचं वय ब्याऐंशी. सगळी नोकरी त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली, तरी भाजीवाली त्यांना लांबून येताना पाहून आधी तराजू सरळ करत असे आणि मग पदर.

"माझ्या हयातीत एका तरी ट्रकचं बरोबर वजन झालेलं मला बघायचंय," मामा म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांची बँकेतली ठेव मोकळी होते आहे, हेही त्यांनी त्याच श्वासात सांगितलं.

मामा तळमजल्यावर एकटे राहत, आणि त्यांचा भाचा, म्हणजे दादा, त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दादा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात दर्जा तपासनीस होते. बायकोपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मानाने वागवत. मामा मात्र त्यांना 'बारक्या' म्हणत. दादांचं वजन ब्याण्णव किलो होतं. मामांना ते माहीत होतं, कारण त्यांनी ते नजरेने केलं होतं आणि नंतर डॉक्टरांच्या काट्यावर ताडून पाहिलं होतं.

मामांचे याआधीचे आर्थिक निर्णयही घरात गाजलेले होते. त्यांच्याकडे पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं होती. एकच पुरेल असं विक्रेत्यानेसुद्धा सुचवलं होतं. त्यावर मामा म्हणाले, "पहिल्याचं काम दुसऱ्याने तपासायला नको का?" तिसरं का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, दुसऱ्यावर मामांचा संशय असावा.

दादांनी ताईला फोन केला. ताई म्हणजे दादांची धाकटी बहीण. ती दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब राहत असल्यामुळे तिला घरातलं सगळं अगदी स्पष्ट दिसत असे.

"दादा, मुखत्यारपत्र करून घे," ती म्हणाली. "त्यांच्या वतीने सह्या करायचा अधिकार तुझ्याकडे आला, की त्यांनी हवं ते ठरवू दे. आणि हे बघ, नेहमीसारखं करू नकोस."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"म्हणजे तू करतोस तसं."

हे वाक्य दादांना लागलं. खोक्यांच्या जगात त्यांच्या शिक्क्याशिवाय एक पुठ्ठा हलत नसे, आणि इथे सख्खी बहीण असं बोलते. हे मुखत्यारपत्र आपण असं करून दाखवायचं की त्यात कुणाला सुई घालायला फट मिळणार नाही, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. पुढे जे झालं त्याची जबाबदारी निश्चित करायची असेल, तर ती या क्षणावर करावी.

मामांशी बोलायला दादा एक छोटंसं भाषण तयार करून गेले. त्यात 'दगदग', 'विश्रांती' आणि 'आम्ही आहोत ना' हे शब्द दोन-दोनदा होते. मामांनी ते सगळं ऐकून घेतलं. त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून ते नेहमी डावा कान पुढे करून बसत. त्यामुळे समोरच्याला वाटे, मामा आपल्याकडे तिरकं बघताहेत. पुष्कळदा ते तसं बघतही असत.

"म्हणजे माझ्या सह्या तू करणार."

"तुम्हाला त्रास नको म्हणून, मामा."

"आणि काटा?"

"काट्याचा आपण शांतपणे विचार करू."

"म्हणजे नाही घ्यायचा."

"मी नाही म्हणालो का?"

"बारक्या, मी चौतीस वर्षं दुकानदारांशी बोललोय. 'शांतपणे' म्हणणाऱ्याने पारड्याखाली चुंबक लावलेलं असतं." मामांनी चष्मा पुसला. "पण तुझी इच्छा आहे तर कर. कागद मात्र पक्का हवा. कच्च्या कागदावर मी सही करत नाही. आणि ठेव मोकळी व्हायच्या आत कर. एकदा पैसे हातात आले की मी काटा घेऊन मोकळा होणार, मग बस विचार करत."

वकीलबाईंनी चार कलमांचा मसुदा दिला: बँक, विमा, घर आणि इतर. दादांना तो फारच बोडका वाटला. त्यांनी तो इमारतीत दाखवला, आणि इथे त्यांची पहिली चूक झाली. दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. मसुदा वाचून ते म्हणाले, "अर्धवट मुखत्यारपत्र म्हणजे अर्धवट दाढी. दोन्ही बाजूंनी लोक हसतात." मग त्यांनी विहिरी, ओढे आणि वहिवाटीच्या पायवाटा यांबद्दल तीन कलमं सांगितली. मामांच्या दोन खोल्यांत ओढा नव्हता. "आज नाही," प्राध्यापक म्हणाले, आणि पृथ्वीच्या इतिहासाकडे पाहिलं तर ते खरंच होतं.

खालच्या औषधाच्या दुकानदाराच्या चुलतभावाचं मुखत्यारपत्र म्हणे केवळ विजेच्या मीटरचा उल्लेख राहिल्यामुळे गोत्यात आलं होतं. मीटर आला. मग पाळीव प्राणी आले.

"मामा कुठे प्राणी पाळतात?" दादांनी विचारलं.

"तीन-तीन फिल्टर घेणारा माणूस उद्या घोडा घेणार नाही कशावरून?" दुकानदार म्हणाला.

घोडा आला. दादा रोज रात्री जेवून कलमं तपासत आणि रोज त्यांना एखादी फट दिसे. वकीलबाई पानावर पैसे घेत, त्यामुळे त्यांचा कशालाच विरोध नव्हता. त्यांनी एकच आग्रह धरला. नावं पुन्हा पुन्हा लिहिली की चुका होतात, म्हणून सगळ्या कलमांत फक्त 'देणार' आणि 'घेणार' असं लिहायचं. देणार कोण आणि घेणार कोण, हे पहिल्या पानावरच्या चौकटीत नोंदणी कचेरीचा संगणक स्वतःच भरतो. ही पद्धत दादांना इतकी निर्दोष वाटली की ती आपल्या कारखान्यातही आणावी असं त्यांच्या मनात आलं. अखेर कलमं चौतीस झाली आणि पानं एकोणतीस.

मग मामांचं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागणार होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मामांना आजचा वार विचारला. मामांनी वार सांगितला, तारीख सांगितली आणि डॉक्टरांचा काटा दीड किलो जास्त दाखवतो आहे हेही सांगितलं.

"चालायचंच," डॉक्टर म्हणाले.

"कायद्यात चालत नाही. ह्या काट्यावर विश्वास ठेवून किती बायका उपाशी राहिल्या असतील, हिशेब आहे?"

डॉक्टरांनी घाईघाईने दाखल्यावर 'अत्यंत सावध' असं लिहिलं, 'अत्यंत'खाली रेघ मारली आणि तपासणीची फी घेतली नाही. बाहेर पडताना सवलतीचा लाभ म्हणून दादांनी स्वतःच्या गुडघ्याचं विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. मामा म्हणाले, दीड किलो आत्ताच झालंय.

नोंदणी कचेरीत सकाळी दहाला बोलावलं होतं. दहाला कचेरी उघडली, अकराला संगणक सुरू झाला आणि बाराला संगणकावरचा कारकून. त्याच्या टेबलासमोर दोन लोखंडी खुर्च्या जमिनीत स्क्रूने पक्क्या केलेल्या होत्या. टेबलावर एक छोटा कॅमेरा होता, तोही पक्का केलेला. डावीकडची खुर्ची देणाऱ्याची, उजवीकडची घेणाऱ्याची. खुर्चीवर जो बसेल त्याचा फोटो काढायचा, त्याचं ओळखपत्र मागायचं, अंगठा घ्यायचा आणि पुढचा. दिवसाला साठ दस्त करणाऱ्या माणसाने चेहरे बघत बसायचं म्हटलं तर त्याला वेड लागेल. तो खुर्च्या बघत असे.

मामा आधी बरोबर डावीकडे बसले. दादा उजवीकडे बसून म्हणाले, "मामा, आता फोटो आहे हं."

मामांनी काही ऐकलं नाही. दादांनी पुन्हा सांगितलं. मामा समोर बघत राहिले. मग दादा खांद्याला हात लावून मोठ्याने म्हणाले, तेव्हा मागच्या रांगेतल्या चार लोकांनी फोटोसाठी केस सारखे केले.

"तू चुकीच्या कानाशी बसलायस," मामा म्हणाले. "तू इकडे ये. मी तिकडे बसतो. आयुष्याचा कागद करतोय, एकमेकांचं ऐकू तरी यायला नको?"

दादांना ते हृद्य वाटलं. दोघांनी खुर्च्या बदलल्या. कारकून तेव्हा शाईचा पॅड शोधायला खाली वाकला होता. वर आला तेव्हा दोन्ही खुर्च्यांवर माणसं होती आणि त्याच्या दृष्टीने सगळं जागच्या जागी होतं.

फोटो झाले. अंगठे झाले. कारकुनाने पडदा त्यांच्याकडे वळवला. "नावं बघून घ्या. नंतर तक्रार चालणार नाही."

दादांनी बघितलं. नावं दोन हवी होती, दोन होती. त्यांनी अक्षरं तपासली, पानांचे क्रमांक तपासले, एकोणतीसही पानांवरचे शिक्के मोजले आणि एक शिक्का तिरका होता तो पुन्हा मारून घेतला. खोकं भरताना ते असंच तपासत: नग किती, शिक्का आहे ना, सरळ आहे ना. आत काय आहे, हा दुसऱ्या खात्याचा विषय होता.

मामा मात्र भिंग काढून पडदा वाचत होते. बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी दादांकडे तिरकं पाहिलं.

"बारक्या, तुला हे असंच करायचंय ना?"

"असंच, मामा. अगदी असंच."

"नीट विचार केलास?"

"मामा," दादा म्हणाले, "तुमच्यावर माझा विश्वास आहे."

मामांनी भिंग खिशात ठेवलं. "मग माझी काही हरकत नाही," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी दादांनी ताईला फोन करून काम फत्ते झाल्याचं कळवलं. ताई म्हणाली, "बघू." दादांनी फोन जरा जोरात ठेवला.

ठेव मोकळी व्हायच्या दिवशी दादा अर्धी रजा टाकून, एकोणतीस पानं काखेत मारून बँकेत गेले. ठेव आणखी पाच वर्षांसाठी बंद करून टाकायची, म्हणजे मामा सत्त्याऐंशीचे होईपर्यंत काट्याचा विषय संपला, असा त्यांचा बेत होता. बँकेतल्या अधिकारीबाईंनी पहिलं पान वाचलं, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचलं.

"ह्यात तुम्ही देणार आहात."

"बरोबर. म्हणजे काय?"

"म्हणजे तुमच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार तुम्ही तुमच्या मामांना दिलाय."

दादा खाली बसले. बसायला तिथे खुर्ची होती हा योगायोग.

"ते मघाशीच येऊन गेले," बाई आपुलकीने म्हणाल्या. "स्वतःची ठेव त्यांनी घेतली. आणि दर महिन्याला तुमच्या खात्यातून व्यायामशाळेचे पैसे कापले जात होते ना, ते बंद केले. तुम्ही तिथे फक्त नाव घालायला गेला होतात, असं म्हणाले. किती काळजी करतात हो तुमची."

दादा घरी पोचले तेव्हा दारात टेम्पो उभा होता आणि त्यातून नवा सोफा उतरत होता. जुन्या सोफ्याची स्प्रिंग घरी आल्यापासून आठवड्याभरात वर आली होती. दादा अकरा महिने दुकानात जाऊन 'बघा जरा' असं म्हणून परत येत होते. मामा एकदाच गेले. त्यांनी दुकानदाराला मुखत्यारपत्र दाखवलं, मग सोफ्यातल्या कापसाचं वजन किती लिहिलंय ते विचारलं, मग काटा मागवला. काटा यायच्या आत टेम्पो आला.

"अहो, बसून तर बघा," वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, म्हणाल्या.

"तुला कळतंय का काय झालंय? माझे सगळे अधिकार गेलेत."

"बसा म्हणजे कळेल," वहिनी म्हणाल्या. दादांचे नेमके कोणते अधिकार गेले, याची त्यांनी चौकशी केली नाही.

दादा तळमजल्यावर गेले. मामा कागद पसरून बसले होते.

"मामा, चूक झालीय. खुर्च्यांमुळे झालं सगळं."

"मला वाटलंच. म्हणून तर दोनदा विचारलं तुला."

"पण माझे निर्णय तुम्ही कसे घेऊ शकता?"

"चौतीस कलमांनी. कागद उत्तम केलायस, बारक्या. कुठे फट नाही. घोड्याचं कलम कुणाचं?"

"मामा, मी काही म्हातारा झालेलो नाही. माझं मला कळतं."

मामांनी पसरलेले कागद गोळा केले. मग म्हणाले, "मीही हेच म्हणणार होतो. पण तू भाषण तयार करून आला होतास, म्हटलं मुलाचं पाठांतर वाया जायला नको."

यावरचं उत्तर दादांना दोन दिवसांनी, दाढी करताना सुचलं, पण तोवर तेही फारसं चांगलं वाटेना.

"आणि हो," मामा म्हणाले, "काटा घेतला. परवान्याला साठ वर्षांच्या आतला एक भागीदार लागतो. तू झालायस."

"मी? कधी?"

"काल. कलम एकोणीस. रविवारी तुला पावत्या फाडायला बसायचंय. दर्जा तपासायचं काम आहे, तुझ्याच लाइनमधलं."

रविवारी दादा पत्र्याच्या खोलीत बसले. त्यांना वाटलं होतं, कोण येणार इथे मरायला. पण मामांनी काटा असा लख्ख करून घेतला होता, की आसपासच्या कारखान्यांचे लोक आपला माल तोलून बघायला मुद्दाम येऊ लागले. पुठ्ठ्याचा एक ट्रक आला, तो दादांच्याच कारखान्याचा निघाला. वजन कागदावर लिहिल्यापेक्षा पावणेदोनशे किलो कमी भरलं. मामांनी पावती लिहिली. दर्जा तपासल्याचा शिक्का कुणाचा आहे, ते त्यांनी भिंगातून पाहिलं आणि पावतीवर भागीदार म्हणून दादांची सही घेतली. सोमवारी कारखान्याच्या मालकांनी दादांना केबिनमध्ये बोलावलं आणि पाऊण तास बसवून घेतलं. त्या वेळात नेमकं काय बोलणं झालं, ते दादांनी घरी सांगितलं नाही. इतकंच सांगितलं की मालकांना मामांचा फोन नंबर हवा होता.

आता मात्र पाणी डोक्यावरून गेलं होतं. काटा राहू दे, सोफा राहू दे, पण आपलं डोकं आपल्याला परत हवं, असं दादांनी ठरवलं. ते कुणालाही न सांगता नोंदणी कचेरीत गेले. वकील नाही, प्राध्यापक नाहीत, औषधवाला नाही.

"मुखत्यारपत्र रद्द करायचंय," ते कारकुनाला म्हणाले.

कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते ज्या खुर्चीवर बसले होते तिच्याकडे पाहिलं. "देणार तुम्हीच ना? मग करता येतं. अर्ज द्या, फी भरा. दुसऱ्या बाजूला नोटीस जाते. पंधरा दिवसांनी या, रद्द झाल्याचा कागद घेऊन जा."

इतकं सोपं. दादांना जवळजवळ वाईट वाटलं. पुढचे पंधरा दिवस ते घरात एखाद्या मुदत भरत आलेल्या कैद्यासारखे शांत होते. मामांना नोटीस मिळाली असणार, पण मामांनी तो विषय काढला नाही. उलट दादांचा गुडघा तपासायला त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली, आणि गुडघ्याला खरंच जरा उतार पडला. हे दादांनी कुणाजवळ कबूल केलं नाही.

सोळाव्या दिवशी दादा निघाले तर जिन्याखाली मामा छत्री घेऊन तयार उभे होते.

"तुम्ही कुठे?"

"तुझं कचेरीत काम आहे ना? मग मुखत्यार बरोबर नको?"

दादा मनात म्हणाले, या, शेवटचं या. त्यांनी मामांना हाताला धरून पायऱ्या चढवल्या, उजवीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः डावीकडे, मामांच्या ऐकू येणाऱ्या कानाशी बसले. मन मोठं करायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती.

कारकुनाने नोंदवही उघडली. बोट खाली नेलं, वर आणलं, पुन्हा खाली नेलं.

"हा अर्ज मागे घेतलाय."

"कोणी?"

"तुम्हीच. म्हणजे तुमच्या वतीने." त्याने नोंदवही वळवून दाखवली. "कलम एकतीस. देणाऱ्याच्या वतीने सर्व कचेऱ्यांत अर्ज करणे व केलेले अर्ज मागे घेणे. कारण लिहिलंय, अर्जदाराचा विचार बदलला."

दादा मामांकडे वळले. "माझा विचार कधी बदलला, मामा?"

"मंगळवारी," मामा म्हणाले. "साडेअकराच्या सुमाराला."

"मला कसं कळलं नाही?"

"तू कामावर होतास."

मागे रांग वाढत होती. एकजण खाकरला. दादांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि एकतिसावं कलम कोणत्या रात्री, कोणती फट बुजवायला आपण घातलं, ते आठवायचा प्रयत्न केला.

"दुसरा अर्ज देता येईल का?" त्यांनी हळू आवाजात कारकुनाला विचारलं.

"येईल की. कितीही देता येतात."

"आणि तोही यांना..."

"कलम आहे तोवर, हो."

"मग निदान पहिल्याची फी तरी परत द्या."

कारकुनाने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. मागे घेतलेल्या अर्जाची फी परत मिळत नाही.